उष्ट्या पानांची बाग

असं जवळ सरका बरं जरा. पेपर हातात आणि डोळा मोबाईलवर, असं ऐकलेलं मला चालत नाही. नातवंडांनासुद्धा मी हेच सांगते. आणि रागावतेच आहे तर आणखी एक सांगून टाकते. तुम्ही साताऱ्यात येता, पठारावर फोटो काढता, कंदी पेढे बांधून घेता आणि आल्या पावली परत जाता. आमच्या वन्सं होत्या तोवर एकदा तरी आमच्या बागेत डोकवायला हवं होतं तुम्ही. गौरी उठवल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. आता कुठं मला त्यांच्याविषयी चार ओळी न रडता लिहिता येतायत, तेव्हा नीट बसून ऐका.

वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण, हौसाबाई. कॉलनीत सगळे त्यांना हौसाआक्का म्हणायचे. नणंद-भावजय म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं ते आमच्यातही होतं, नाही असं नाही. माझ्या पुरणपोळीला त्यांनी उभ्या जन्मात कधी चांगलं म्हटलं नाही आणि त्यांच्या हातच्या आमटीत मीठ कमी पडलं की मी मुद्दाम चारचौघांत मागून घ्यायची. त्यांचे मालक फौजेत, माझे एसटीत. दोघेही पुढंमागं गेले, आणि मग आमच्या लक्षात आलं की आता हक्कानं भांडायला आपल्याला एकमेकींशिवाय कुणी उरलेलं नाही. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सकाळचा पहिला चहा त्यांच्याकडं, दुसरा माझ्याकडं, आणि दोन्हीला नावं ठेवायची.

मी कडेगावला माहेरी गेले होते तेव्हाची गोष्ट. भावाच्या पडवीत चहाची कपबशी हातात होती आणि प्रतापचा फोन आला. प्रताप म्हणजे वन्संचा एकुलता मुलगा, शिरवळला कारखान्यात असतो, रोज जाऊन येऊन करतो. "मामी..." एवढंच दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "आई दुपारी जेवून पडली हुती गं. उठलीच न्हाई." मी चहा पिऊन टाकला. का ते मला आजही सांगता येणार नाही. कप भरलेला होता, तो रिकामा केला, विसळून पालथा घातला आणि मग भावाला म्हटलं, गाडी काढ.

आदल्याच दिवशी मी निघाले तेव्हा वन्सं फाटकाशी उभ्या होत्या. "माहेरी जातीस तर जा बाई," म्हणाल्या, "पण शनवारच्या आत ये. मला हल्ली वाकवत न्हाई, आप्पांवर ध्यान कोण ठेवणार?" एवढंच शेवटचं बोलणं. आप्पा कोण आणि त्यांच्यावर शनिवारीच का ध्यान ठेवायचं, हे तुम्हाला कसं कळणार... सांगते. पण त्याच्याआधी कढीपत्त्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं.

वन्संच्या गच्चीवर अर्ध्या कापलेल्या पिंपात एक कढीपत्ता होता. एका पावसाळ्यात त्याच्यावर अळ्या पडल्या. आधी चिमणीनं शिटावं तशा, मग फुगून हिरव्यागार. रोज एक डहाळी बोडकी. सूनबाईनं औषधाची बाटली आणली, तिचंही बरोबर होतं, फोडणीला पान मिळेना. वन्संनी ती बाटली काढून घेतली आणि स्टूल टाकून झाडापुढं बसायला लागल्या. मी विचारलं, "वन्सं, हे काय नवीन?" तर म्हणाल्या, "घरात एवढी खादाड पोरं कधी बघितली न्हाईत गं. बघू तरी मोठी हून काय हुतात." मग एक दिवस मला सकाळी सकाळी बोलावणं आलं. मी पदर खोचून गेले तर कढीपत्त्याच्या काडीवर काळं ओलं फुलपाखरू लोंबकळत होतं, पंख चुरगळलेले, इस्त्री व्हायचे होते. आम्ही दोघी चहा विसरून ते वाळेपर्यंत उभ्या होतो. उडून गेलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, "गेली बघ सासरला."

पण घरात कुरबूर वाढलीच. शेवटी वन्संनी फळवाल्याची हातगाडी थांबवली, पिंप त्यावर चढवलं आणि अळ्यांसकट कढीपत्ता आमच्या कॉलनीजवळच्या सार्वजनिक बागेत नेला. मी मागून पिंप धरून चालत होते आणि बाया दारातून विचारत होत्या, कुठं निघाली वरात? वन्सं म्हणाल्या, "वरात न्हाई, पोरांसकट माहेरी धाडतीय." बागेवर देखरेख करणारे साहेब भले होते. मागच्या बाजूला एक नळ कायम ठिबकत असायचा आणि तिथं चिखल राहायचा, तो कोपरा त्यांनी दाखवला. म्हणाले, "आजी, लावा काय लावायचं ते, पण दर्शनी भागात नको."

फुलपाखरांची बाग करायची हे कळल्यावर कॉलनीतल्या सगळ्या जणी उत्साहानं रोपं घेऊन आल्या. गुलाब, मोगरा, हजारी झेंडू. वन्संनी सगळं लावून घेतलं, कुणाला नाही म्हटलं नाही. पण मला हळूच म्हणाल्या, "इंदू, फुलं पाव्हण्यांसाठी ठीक हायत. चार घोट पितील आन् जातील. बाळंतपण करायचं तर पाला पायजे." आणि मग त्यांनी तिथं पाला जमवायला घेतला. लिंबू आलं, पानफुटी आली, आणि नळाच्या अंगानं रुई आपोआप उगवली होती ती त्यांनी राखली. रुई म्हणजे आपल्याकडं पडीक जागेत, उकिरड्यावर येणारं झुडूप, मोडलं की पांढरा चीक. ते कोण बागेत राखतं? पण एक तांबूस, काळ्या काठाचं, काठावर पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू असतं, तुम्ही शंभरदा बघितलंय, ते अंडं घालायला रुईवरच येतं. त्या कोपऱ्याला वन्सं 'बाळंतिणीची खोली' म्हणायला लागल्या. तिथं मोठ्यानं बोलायचं नाही, फवारा मारायचा नाही, वाळका पाला झाडायचा नाही.

आता बघा, आम्ही सगळ्या ऊसवाल्यांच्या लेकीसुना. हात भांगलणीवर वाढलेले. नको असलेलं रोप दिसलं की डोक्याला कळायच्या आत हातानं उपटलेलं असतं. एकदा वन्सं पाहुण्यांकडं आटपाडीला गेल्या होत्या. आम्ही पाच-सहा जणींनी ठरवलं, आक्का यायच्या आत कोपरा कसा लख्ख करून ठेवू. गाणी म्हणत, चेष्टा करत अख्खी दुपार भांगलण केली. आघाडा गेला, रुईचे कोंब गेले, नळाजवळच्या चिखलावर कुणीतरी मुरूमसुद्धा टाकला. वन्सं आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आम्ही शाबासकीची वाट बघतोय... "लय झ्याक," म्हणाल्या. "बाळंतिणीचं अंथरूण गुंडाळून ठेवलंत, आता तिला निजू दे फरशीवर." आधी कुणाला काही कळेना, मग जी हसाहशी सुरू झाली ती थांबेना. नशीब एवढंच की रुई मुळापासून कधी जात नाही. आणि एक मोठं झुडूप भिंतीला चिकटून होतं, तिथं आमचा हात पोचला नव्हता.

आता आप्पा. आप्पा म्हणजे फौजेतून हवालदार होऊन आलेले आमचे शेजारी, मिशी अजून परेडवर असल्यासारखी. बागेच्या फाटकासमोर मारुतीचं छोटं देऊळ आहे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घालायचा हे आप्पांचं व्रत, कुणाच्या लग्नालासुद्धा ते शनिवारचं जात नाहीत. पूर्वी ते रुईसाठी ओढ्यापर्यंत जायचे. बागेतली रुई डोळ्यांत भरल्यावर कशाला जातील? एका शनिवारी सकाळी आम्ही गेलो तर झुडपाला नुसत्या काड्या. आप्पांनी पान अन् पान खुडून नेलं होतं आणि खुडताना झटकलेल्या अळ्या खाली मुंग्यांनी ओढायला घेतल्या होत्या.

मला वाटलं आता रणकंदन होणार, कारण वन्संचा आवाज देवळापर्यंत सहज जायचा. पण त्या चपला काढून देवळात गेल्या, हात जोडले आणि मारुतीच्या गळ्यातला हार बघत राहिल्या. हारात एक पान कुरतडलेलं होतं आणि त्याच्या कडेला एक चट्टेरी-पट्टेरी अळी राहून गेली होती, ती निवांत चरत होती. वन्सं आप्पांकडं वळून अगदी हळू म्हणाल्या, "आप्पा, देवाला उष्टा हार घातलासा?"

आप्पांचा चेहरा... काय सांगू तुम्हाला. देवाला आधी वास घेतलेलं फूलसुद्धा चालत नाही आणि इथं तर खाल्लेलं पान! पण हवालदार माणूस, लगेच माघार कसा घेईल? म्हणाले, "आक्का, आवं, रामानं भिल्लिणीची उष्टी बोरं गोड मानून खाल्ली. मारुती रामाचाच की."

"खाल्ली," वन्सं म्हणाल्या. "पर तिनं ती आपल्या हातानं दिली हुती. तुमी हिच्या तोंडातनं काढून आणलाय."

देवळात जमलेली माणसं हसली, आप्पाही मिशीत हसले, पण त्यांनी तो हार उतरवला आणि अळीचं पान तेवढं धोतराच्या सोग्यात धरून परत झुडपावर नेऊन ठेवलं. तेव्हापासून ठरलं. रुईचं पान देवासाठी घ्यायचं, जरूर घ्यायचं, पण खालून-वरून बघून. दात लागलेलं असलं, अंडं चिकटलेलं असलं, तर ते उष्टं. ते सोडायचं. वन्सं शनिवारी बाकीच्या झाडांना पाणी घालायचं निमित्त करून तिथं उभ्या राहायच्या आणि आप्पा पान खुडायच्या आधी विचारायचे, "हे सोवळं का उष्टं?" वन्सं वाकून बघायच्या आणि निकाल द्यायच्या. दोघांच्याही डोळ्यांना कमी दिसायचं, त्यामुळं भांडण ठरलेलं. पण झुडूप राहिलं. बाळंतिणी यायला लागल्या. ऊन पडलं की नळाच्या चिखलावर पंख मिटून रांगेनं बसलेल्या असायच्या, आणि वन्सं त्यांच्यासाठी काळी पडलेली केळी घेऊन यायच्या. मी म्हणायचे, "वन्सं, मला कधी असं केळं दिलं नाहीत." तर म्हणायच्या, "तू कवा अशी गप बसून खाल्लंस?"

तर अशा वन्सं. दहाव्याला आम्ही नदीच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरून उभे राहिलो. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली म्हणायचं, आणि मग एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा. मी मनात जुळवत होते, कोपरा सांभाळीन म्हणावं... तेवढ्यात प्रताप पुढं झाला. हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "आई, बागंत तुज्या कोपऱ्यावर तुज्या नावाचं बाकडं बसवतो." आणि तो शब्द संपायला आणि कावळा झेपावायला एकच गाठ पडली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, "बघ, आक्काला बाकडंच हवं हुतं." दहीभात समोर दिसल्यावर भुकेला कावळा येणारच, असं तिथं मी कोणत्या तोंडानं बोलणार होते?

आमच्याकडं हल्ली माणूस गेलं की बाकडं येतं. एसटीच्या थांब्यावर, देवळापुढं, दवाखान्यात, जिथं बसाल तिथं कुणाच्यातरी स्मरणार्थ बसता. त्यात वाईट काही नाही, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची सोय होते. पण कोपऱ्यावर म्हणजे कुठं? मी प्रतापबरोबर जाऊन बघितलं तर त्यानं मनात धरलेली जागा म्हणजे नेमकी रुईची. "मामी, आई हितंच उभी ऱ्हायची ना? हितं बाकडं, खाली चांगला सिमेंटचा कोबा करू, नळ बी दुरुस्त करून देतो म्हणालेत बागंचं साहेब. चिखल ऱ्हाणार न्हाई." लेक आईसाठी अगदी मनापासून बोलत होता. तरी म्हटलं, "प्रताप, अरे, तिच्या नावाचं करताना तिनं जपलेलंच निघून जायचं."

"झुडपं काय, पुन्यांदा येतील मामी. पर कावळा शिवला ते तू बघितलंस. आता शब्द फिरवला तर आईला शांती लागंल का?"

मी घरी आले. स्वयंपाक केला, खारट झाला, आणि कमी-जास्त सांगायला कुणी नव्हतं. कोपरा गेला तर वन्सं दुसऱ्यांदा जाणार, आणि ह्या वेळी पोटचा मुलगा त्यांना प्रेमानं पोचवणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि बाकडं न बसवावं तर तो मुलगा जन्मभर स्वतःला खात राहणार.

शनिवारी सकाळी गवंडी आला. दोरी लावली, चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखला, रुई बरोबर चौकोनाच्या आत. आप्पा हाराची परडी घेऊन आधीच तिथं होते, एकेक पान उलटून बघत. गवंड्यानं कोयता काढला तसे ते मध्ये उभे राहिले. "उष्टं हाय," म्हणाले. "हात लावायचा न्हाई."

"आप्पा," प्रताप म्हणाला, "ते देवाचं. हितं आपण देवाला कुठं काय वाहतोय?"

"देवाला न्हाई तर आईला. मग आईला उष्टी जागा देणार व्हय रं?"

आप्पांना वाटलं आता बिनतोड बोललो. मलाही तसंच वाटलं. पण प्रताप एकदम खाली बसला, तसाच, पायाखालच्या ओल्या मातीत. "आई आयुष्यभर आमचं उष्टंच खात आली, आप्पा," म्हणाला. "ताटात टाकलेली भाकरी, चावलेला आंबा... ती येगळं वाढून घ्यायचीच न्हाई. मी ओरडायचो तिला." दहाव्याला, तेराव्याला, पाहुण्यांना चहा देताना, कशातही त्याचे डोळे भरले नव्हते. आता तो लहान पोरासारखा रडायला लागला. गवंडी कोयता मागं लपवून उभा राहिला. मी प्रतापच्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोलले नाही, माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही पण खरंच काही बोलले नाही.

खाली बसल्यामुळंच की काय, त्याला पानांची खालची बाजू दिसली. उभ्यानं ती दिसत नाही. एका पानाला मधोमध खिडकीसारखं भोक होतं आणि अळी त्याच्या काठानं, आपण भाकरी कडेकडेनं खातो तशी, गोल गोल खात चालली होती. तो बघत राहिला. आम्हीही. मग त्यानं बाहीनं नाक पुसलं, उठला आणि स्वतःच्या हातानं खुंटीची दोरी सोडली. "आप्पा, मी कोपऱ्यावर म्हणालो हुतो," म्हणाला. "कोपऱ्याच्या अलीकडं बी कोपराच की."

"कावळ्यानं टेप लावून मापलं न्हवतं," आप्पा म्हणाले. आणि मग मी तोंड उघडलं ते गवंड्याला जागा दाखवायला, आणि जेवायची वेळ होईपर्यंत मिटलं नाही.

बाकडं आता पायवाटेच्या ह्या बाजूला, करंजाच्या सावलीत आहे. कोबा नाही केला. नळ दुरुस्त करायला माणूस आला होता, त्याला प्रतापनं चहा पाजून परत पाठवला. प्रताप शनिवारी कारखान्याची गाडी यायच्या आधी बागेत येतो, कामाचा शर्ट घातलेला असतो, डबा बाकड्यावर ठेवतो आणि रुईपुढं उकिडवा बसतो. आप्पा विचारतात, "सोवळं का उष्टं?" तो पान न तोडता बोटानं उलटतो, खालून बघतो आणि सांगतो. त्याची मान त्या वेळी थोडी डावीकडं कलते, वन्संची कलायची तशीच. आधी मला ते बघवायचं नाही, आता त्याचसाठी जाते. ह्या शनिवारी त्यानं ओळीनं कितीतरी पानं उष्टी ठरवली, आप्पांचा हार आखूड झाला आणि ते म्हणाले, "आईपेक्षा कडक हाय हे." आखूड हार मारुतीला शोभून दिसत होता.

तेव्हा या. नुसती फुलपाखरं बघायला या असं मी म्हणत नाही, ती तुमच्याही खिडकीत येत असतील. खाल्लेली पानं बघायला या. दिवाळीच्या आत आलात तर नळाजवळचा चिखल अजून फुलपाखरांनी भरलेला असेल. चहा माझ्याकडं घ्या, साखर कमी पडली तर स्पष्ट सांगा, मला ते ऐकायचंय. आणि पुढच्या वर्षी बघू म्हणू नका. ह्या बागेत बघायचं ते सगळं पानाच्या खालच्या अंगाला आहे, खाली बसून बघावं लागतं. गुडघे वाकतायत तोवर या.